लेकीला इंग्लंडला पाठवताय? आधी नोंदणीचं बघा

नमस्कार काका. तुमचा प्रश्न असा की मुलीची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झाली, इंटर्नशिप चालू आहे. कॉलेज रोडचा एजंट म्हणतो, इंग्लंडात एका वर्षाचं एमएससी हेल्थकेअर मॅनेजमेंट करा, फिजिओची नोकरी आपोआप लागते. त्यासाठी दिंडोरीच्या द्राक्षबागेवर कर्ज काढावं का? शिवाय धाकट्याचं डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालाय, त्याचंही इकडे काही जमेल का? मी मूळची नाशिकरोडची, आता लीड्सला फिजिओ आहे. स्पष्टच सांगते, या कोर्ससाठी बागेला हात लावू नका.

इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल) या कौन्सिलची नोंदणी लागते. रेडिओग्राफर, डाएटिशियन, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे १५ व्यवसाय तिच्याच अखत्यारीत येतात. मॅनेजमेंटच्या एमएससीने ही नोंदणी मिळत नाही. नोंदणी देणारं 'प्री-रजिस्ट्रेशन' एमएससी वेगळं असतं, पण ते दुसऱ्या विषयातून आलेल्यांसाठी. तुमच्या मुलीकडे फिजिओचीच पदवी आहे, तिने पुन्हा तेच का शिकायचं? परदेशात शिकलेल्यांसाठीचा अर्ज तिला घरी बसून भरता येतो. एजंटला एकच विचारा: हा कोर्स एचसीपीसीच्या मान्य यादीत कुठे आहे, दाखवा.

अर्जात खरी मेहनत कागदांची. नुसत्या पदवीवर भागत नाही. काय शिकलात, कुठल्या वॉर्डात काय केलंत, हे तपशिलात मांडावं लागतं. म्हणून इंटर्नशिप चालू असतानाच पोस्टिंगच्या लॉगबुकवर सह्या घ्या, अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजच्या शिक्क्यासह ठेवा. एचओडी बदलल्या की नव्या मॅडम जुन्या पोस्टिंगवर सही करायला का-कू करतात. ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचं काही अडलं तर आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, रिक्षाने जाता येईल. लातूर-नागपूरच्या पोरांना त्यासाठी रात्रभर गाडीत बसावं लागतं. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडमिक या परीक्षेत एकूण ७ हवेत आणि एकाही भागात ६.५च्या खाली नको. बहुतेकांचं घोडं रायटिंगमध्ये अडतं.

आता जे एजंट सांगणार नाही ते. आपल्याकडे क्लिनिकमध्ये दुखण्यावर आयएफटीचं (सौम्य विजेचं) नाहीतर अल्ट्रासाउंडचं मशीन लावलं, चार व्यायाम सांगितले की पेशंट घरी. इथे वॉर्डात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला मी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी करते आणि विचारत बसते: घरी जिना आहे का, कठडा डाव्या हाताला की उजव्या, संडास वर की खाली, चहा कोण करतं? मग तिला सरावाच्या पायऱ्यांवर चढवून-उतरवून बघायचं. ती घरी सुरक्षित राहील का, हे डॉक्टर मला विचारतात, आणि चुकलं तर जबाब मलाच द्यावा लागतो. मुलाखतीतही असेच प्रसंग देतात. म्हणून मुलीने इंटर्नशिपनंतर एक-दोन वर्षं आयसीयू, ऑर्थो, न्यूरो असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात काढावीत. पगार कमी मिळेल, मिळू दे.

नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली असंही नाही. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सुरुवात बँड ५ या पगारश्रेणीपासून होते आणि सध्या त्या जागांवर इथल्याच नव्या पदवीधरांची गर्दी आहे. व्हिसासाठी स्पॉन्सरशिप देणारी जागा मिळायला वेळ लागतो. मिळाली तर हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य सरचार्ज (एनएचएस वापरण्यासाठी व्हिसासोबत घेतली जाणारी फी) भरावा लागत नाही, ही बचत मोठी आहे. जर्मनीचाही विचार करा. तिथे फिजिओ कमी पडताहेत, मात्र बी२ पातळीपर्यंत जर्मन भाषा शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. आखाती देशांचं गणित वेगळं: डेटाफ्लो कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिकची संगणकावरची लायसन्स परीक्षा आणि अनुभव.

धाकट्याचं म्हणाल तर डीएमएलटीवर इथे लॅबमधला बायोमेडिकल सायंटिस्ट होता येत नाही, पदवी लागतेच. आपल्याकडेही २०२१च्या केंद्रीय कायद्याने अलाइड हेल्थच्या (लॅब टेक्निशियनसारख्या डॉक्टर-नर्सव्यतिरिक्त आरोग्य व्यवसायांच्या) कोर्सला किमान २,००० तासांची अट घातली आहे, तीही दोन ते चार वर्षांत. त्याचं डीएमएलटी एका वर्षाचं असेल तर नाशकातही पुढे अडचण येऊ शकते. आरोग्य विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीला लॅबची शाखा आहे, तिथे प्रवेशाचं बघा. कर्ज काढायचंच असेल तर या पदवीसाठी काढा. ते बागेवर काढावं लागणार नाही.