मार्शल आर्ट्स मंगात (म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये) फाईट कच्च्या ताकदीवर ठरते की डावपेचांवर?

डावपेचांवर. ज्यांना ताकद वाटते त्यांनी बहुतेक ड्रॅगन बॉल टीव्हीवर अधूनमधून बघितलेला असतो, हिरो गोकूचे केस पिवळे झाले (म्हणजे तो सुपर सैयान झाला) की जिंकला एवढंच डोक्यात राहिलेलं.

खरंतर असल्या प्रश्नांच्या वाट्याला मी जात नाही, पण ह्याच विषयावरून माझं आणि हॉस्टेलच्या रूममेटचं जे वाजलेलं ते आजतागायत मिटलेलं नाही, त्यामुळे राहवलं नाही. गडी करवीरकडचा, लहानपणापासून तालमीत. संध्याकाळी जोर-बैठका मारून आला की रूममध्ये खाली बसून कुंडीत बदाम घोटायचा, घर्र घर्र आवाज, रेक्टर वैतागलेला, आणि माझ्या पीसीवर मी मंगा वाचत बसलेलो. एकदा मागून डोकावला, म्हणला ह्यो टकलू कोण? मी म्हणलं क्रिलिन, गोकूचा दोस्त. पान होतं एकविसाव्या तेनकाइची बुडोकाईचं (ड्रॅगन बॉलमधली मार्शल आर्ट्सची स्पर्धा), समोर तो कधीच आंघोळ न केलेला बॅक्टेरियन, वासानं क्रिलिन आडवा झालेला, आणि बाहेरून गोकू ओरडतो की अरे तुला नाकच नाहीये! खरंच काढलेलं नाही ना त्याला नाक. क्रिलिन उठतो आणि धुतो त्याला. पैलवान इतका हसला की बदाम सांडले, आणि त्या दिवसापासून रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून वाचायला लागला.

वांधा झाला पृथ्वीवर चालून आलेल्या व्हिलनच्या, व्हेजीटाच्या, फाईटला. पठ्ठ्यानं ती एका रात्रीत संपवली आणि सकाळी ब्रश करता करता निकाल लावला, "व्हेजीटाची ताकद 18 हजार, गोकूची 8 हजार. गोकूनं कायोकेन लावलं, आकडा वाढला, जिंकला. ह्यात डोकं कुठं आलं भावा?" (कायोकेन म्हणजे थोडा वेळ ताकद कैकपट करायचं तंत्र. आणि गोकूचा आकडा 8 हजारच. 9 हजार हा इंग्रजी डबिंगवाल्यांचा उद्योग आहे, मीम त्याच्यावरच बनलं.)

मी म्हणलं जिंकला कुठे? नीट वाच की. चौपट कायोकेन लावून कामेहामेहा (हातातून सोडायचा ऊर्जेचा झोत) मारला तरी व्हेजीटा परत आला. वर नकली चंद्र काढून राक्षसी माकड झाला (शेपूटवाले सैयान चंद्र बघून होतात, शेपूट कापली की परत माणूस), म्हणजे ताकद दहापट, आणि गोकूला मुठीत धरून त्याची हाडं मोडली. तिथून पुढं गोकू जमिनीवर पडूनच आहे. शेपूट कापली कुणी? याजिरोबेनं, लपून, मागून येऊन. क्रिलिननं फेकलेला गेंकीदामा (ऊर्जेचा गोळा) चुकला तो गोकूच्या पोरानं, गोहाननं, परतवून व्हेजीटावर घातला. त्यातूनही उठला तेव्हा परत याजिरोबे, परत मागून, तलवारीनं चिलखत फाडलं. शेवटी गोहान माकड झाला, व्हेजीटानं त्याची शेपूट कापली तर ते अख्खं धूड त्याच्याच अंगावर पडलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस सरपटत यानाकडं गेला आणि त्याला तिथवर पोचवणाऱ्यांत हा याजिरोबे होता, एक ढेरपोट्या, जो फाईटला घाबरून दगडामागं लपलेला. हे जर डोकं नाही तर काय आहे?

तर तो म्हणला, "मग कुस्तीत वजनगट कशाला केलेत रं?" आणि कॉरिडॉरमध्ये, मेसला निघालेल्या सगळ्या पोरांसमोर, माझ्या मानेवर हात टाकला. पैलवानाचा हात मानेवर पडला की काय होतं हे ज्याला माहितीये त्याला माहितीये, मान खाली जाते, गुडघे आपोआप वाकतात आणि समोरच्याचे पाय सोडून काही दिसत नाही. वरून म्हणतोय, "काढ आता डाव. लाव डोकं." पोरं हसतायत. मी जुडो शिकलेलो होतो हे तिथं सांगून उपयोग नव्हता.

आता ह्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं, आणि ते त्याच्याच गावच्या मैदानातलं आहे. जत्रेच्या मैदानात कुस्त्या लावतात तेव्हा पंच आधी दोघांना शेजारी उभं करून अंग बघतात, जोड तोडीस तोड वाटली तरच लावतात, नाहीतर लोकच ओरडतात. म्हणजे ताकदीचा हिशोब सलामीच्या आधी संपलेला असतो, मग उरतो डाव. वजनगटाचं पण तेच. वजनगट ताकद महत्त्वाची आहे म्हणून नसतात, ताकदीनं निकाल लागू नये म्हणून असतात. मंगात ही जोड लेखक लावतो. ड्रॅगन बॉलवाल्या तोरियामानं ताकदीचे आकडे दाखवणारा स्काउटर आणला आणि पहिल्या फाईटपासूनच त्याला तोंडावर पाडला, रॅडिट्झ ह्या व्हिलनला समोरचे आकडे किरकोळ दिसत होते, तरी गोकूनं मागून आवळून धरलं आणि पिकोलोनं दोघांच्या आरपार किरण घातला. आकड्यावर विसंबला तो गेला, पुढं गोष्ट नामेक ग्रहावर पोचेपर्यंत हेच चालू आहे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ड्रॅगन बॉलमधलंच, ट्रंक्स विरुद्ध सेल हा व्हिलन. ट्रंक्सनं अंग फुगवलं, ताकद सेलच्या वर गेली, आणि एक ठोसा लागला नाही, कारण वेग मेला. सेल त्याला हसत स्वतः तसंच फुगून दाखवतो आणि म्हणतो हे मलाही येतं, मी करत नाही. तिकडं गोकूनं हाच प्रकार गोहानसमोर करून बघितलेला आणि सोडून दिलेला. ही दोन प्रकरणं वाचून पण कुणी ताकद ताकद करत असेल तर नमस्कार.

बॉक्सिंगमध्ये बघायचं तर हाजिमे नो इप्पो हा मंगा. हिरो इप्पोचा पंच चॅम्पियन दातेपेक्षा जड आहे हे सगळ्यांना मान्य, दातेला सुद्धा. दातेनं छातीवर असा मारला की इप्पोचं अंग क्षणभर थिजलं, आणि शेवटी त्याच्या कोचला, कामोगावाला, टॉवेल टाकावा लागला. "बाकी" नावाच्या मंगातला हानायामा घ्या, त्याला तर ट्रेनिंग करणं म्हणजेच चीटिंग वाटतं, जन्मजात ताकद मिळाली तेवढी बास. त्याच्यासारखा ताकदीचा पुतळा मंगात दुसरा नाही, आणि त्या मंगाच्या हिरोशी, बाकीशी, लागली तेव्हा तोच हरला.

पैलवानाला मी एकदा गीसिंकचा किस्सा सांगितला आणि ती चूक त्यानं माझ्यावरच उलटवली. 1964 चं टोकियो ऑलिंपिक, जुडो पहिल्यांदाच, जपाननं तिन्ही वजनगटांत सुवर्ण नेलं. चौथा ओपन गट, वजनाची अट नाही, फायनल टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये, जपानचा कामिनागा विरुद्ध जवळपास दोन मीटर उंचीचा डच अँटन गीसिंक. मऊ ते कठीणाला हरवतं असं सांगत आलेल्या खेळात जपानी माणूस घरच्या मैदानात चटईवर दाबून हरला. पैलवान म्हणला बघ, रेडा जिंकला. अरे पण तो रेडा 1961 लाच वर्ल्ड चॅम्पियन झालेला होता, जपानमध्ये येऊन येऊन शिकलेला होता, आणि जिंकला तो केसा-गातामेनं, ती पकड आहे, नुसतं अंग टाकणं नाही. रेड्याला डाव आला की काय होतं ते आहे हे. त्याला पटलं नाही. अजून पटत नाही. व्हॉट्सॲपवर मी ट्रंक्सचं पान पाठवतो, तो मानेवर हात टाकल्याचा फोटो पाठवतो (कुणीतरी काढलेला आहे, दुर्दैवानं).

तुम्ही विचारलेलं "कच्ची ताकद" असं, तर ड्रॅगन बॉलमधल्या फ्रीझा ह्या व्हिलनच्या वेळी मात्र ती चालते हे कबूल करायला हवं, सुपर सैयान झाल्यावर गोकूला डोकं लावायची फार गरज पडली नाही. आणि सेल गेम्समध्ये (सेलनं भरवलेली स्पर्धा) गोकूनं कामेहामेहा भरता भरता टेलिपोर्ट मारून सेलचं वरचं अर्धं अंग उडवलं, आख्ख्या मंगातला सगळ्यात हुशार डाव, सेलनं ते परत उगवलं आणि शेवटी गोहानची ताकदच लागली. फरक फारच मोठा असला की डाव चालत नाही, तेवढं खरं. पण तसल्या जोडीला आमच्याकडं कुस्ती म्हणत नाहीत, आणि कॉरिडॉरमधली ती तसलीच होती, नव्वद किलो विरुद्ध मी, तेही सलामी न देता.

तुमचा कुणाशी असाच वाद चालू असेल तर फ्रीझाचा विषय आधी तुम्हीच काढून संपवा, समोरच्याला काढू देऊ नका. आणि पैलवान असेल तर फोनवर घाला.