आजारी पडायचंच असेल तर कुठल्या देशात पडावं?

तुम्ही विचारलंय की अमेरिका, इंग्लंड, जपान यांच्यात आरोग्यव्यवस्था कुणाची चांगली, आणि अमेरिका एवढा पैसा ओतते तरी तिथली माणसं कमी का जगतात. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. अमेरिकन हॉस्पिटलांच्या मेडिकल बिलिंगमध्ये सहा वर्षं नाईट शिफ्ट केलीय, त्यामुळे माझं उत्तर बिलाच्या बाजूनंच येणार.

पेशंट बरा होऊन घरी गेला की आमचं काम सुरू व्हायचं. प्रत्येक आजाराला कोड, प्रत्येक तपासणीला कोड (कोंबडीनं टोच मारली तर त्यालासुद्धा वेगळा कोड आहे, खरंच, डब्ल्यू ६१.३३). मग इन्शुरन्स कंपनीकडे पैशांचा क्लेम पाठवायचा आणि वाट बघायची. समजा हॉस्पिटलनं एमआरआयचे २,४०० डॉलर लावले, इन्शुरन्सवाले म्हणतात आमच्या करारात याला ७००च, आणि पेशंटचा वर्षाचा डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी पेशंटनं स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) अजून भरलेला नाही म्हणून ते ७०० पण त्यानंच द्यायचे, म्हणजे दर महिन्याला हप्ता भरतोय तो भरतोयच आणि वर हे. कधी कधी तर आधी परवानगी घेतली नाही म्हणून अख्खा क्लेमच रिजेक्ट, मग अपील, मग फोनवर पाऊण तास होल्ड. ऑपरेशन करणारा डॉक्टर एक, आणि त्या एका कागदामागे हॉस्पिटलकडची आणि कंपनीकडची मिळून आम्ही डझनभर माणसं. सगळ्यांचे पगार शेवटी त्या बिलातूनच निघणार ना.

जपानमध्ये ही भानगडच नाही. सरकार देशभरासाठी एकच दरपत्रक काढतं, दर दोन वर्षांनी ते बदलतं, आणि पेशंट साधारण ३० टक्के काउंटरवर भरून मोकळा. महिन्याला ठरावीक रकमेच्या वर गेलं तर बाकीचं विमा बघतो. १९६१ पासून तिथं सगळ्यांना विमा आहे. जर्मनीत विमा कंपन्या भरपूर, तरी हप्ता पगाराच्या टक्केवारीत आणि साधारण अर्धा मालक भरतो, बिस्मार्कनं १८८३ मध्ये सुरू केलेली पद्धत.

इंग्लंडमध्ये १९४८ पासून एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, पैसा टॅक्समधून, पेशंटच्या हातात बिलच पडत नाही. पण नंबर लावायचा! २०२३ मध्ये वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर होती. हार्ट अटॅकला लगेच घेतील, गुडघा मात्र कुरकुरत बसेल.

आता आयुष्याचं. अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करते, इंग्लंड ११च्या आसपास. तरी २०२३ मध्ये अमेरिकेचं सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षं आणि जपानचं ८४. पण हे सगळं हॉस्पिटलांच्या माथी मारू नका. त्याच वर्षी अमेरिकेत ड्रग्जच्या ओव्हरडोसनं एक लाखावर माणसं गेली, शिवाय बंदुका, गाड्यांचे अपघात, लठ्ठपणा. पंचविशी-तिशीतली माणसं गेली की सरासरी धाडकन खाली येते. उलट कॅन्सर झालाच तर अमेरिकन हॉस्पिटलं जगात पुढंच आहेत. माणूस तिथवर पोचायच्या आधी काय होतं, ते पब्लिक हेल्थचं खातं, आणि मला विचाराल तर अमेरिकेचं हेच खातं कच्चं आहे.

कोस्टा रिका बघा. तिथं १९९५ पासून साधारण चार हजार लोकांमागे एक टीम असते, डॉक्टर, नर्सची मदतनीस आणि घरोघर जाऊन बीपी, लसी, गरोदर बायका बघणारा एक माणूस. खर्च अमेरिकेच्या कितीतरी खाली, आणि आयुर्मान अमेरिकेच्या बरोबरीचं, जरा वरच.

तुमची मुलगी शिकायला बाहेर जाणारे असं लिहिलंय, तर कामाचं तेवढं सांगतो. इंग्लंडला गेली तर व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवू द्या. जपानला तीन महिन्यांच्या वर राहणार असेल तर सरकारी विमा घ्यावाच लागतो. अमेरिकेला गेली तर युनिव्हर्सिटीच्या प्लॅनचा डिडक्टिबल किती आणि नेटवर्कमध्ये (म्हणजे त्या विमा कंपनीशी करार असलेली) कुठली हॉस्पिटलं, हे आधी वाचा. नेटवर्कबाहेरच्या अचानक बिलांविरुद्ध २०२२ पासून कायदा आहे, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात येत नाही, आणि आमच्याकडे रडत फोन करणाऱ्यांमध्ये अँब्युलन्सचं बिल आलेलेच जास्त असायचे.