ॲरोहेड १३५ सारख्या बर्फातल्या रेसची तयारी नाशिकमध्ये राहून होऊ शकते का?

आधीच सांगतो, मी ती रेस केलेली नाही. पण चार-पाच वर्षं नाशिकातून बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) मारतोय आणि ॲरोहेडचं खूळ माझ्याही डोक्यात आहे, नियम अर्धेअधिक पाठ झालेत. पायात दम इथे येईल हो, कसारा घाट आहे, त्र्यंबक रोड आहे. गोची होते ती घामाची.

मागच्या जानेवारीत पहाटे चारला निफाडकडे निघालो, पारा ५-६, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या. मी शहाणा, थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर विंडचीटर असं सगळं चढवून सायकल पिटाळतोय, आतून चिंब. चांदोरीत चहाला थांबलो आणि दहा मिनिटांत अशी हुडहुडी भरली की ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी चहा पँटवर सांडला, शेवटी टपरीवाल्या मावशींनी चुलीपाशी नेऊन बसवलं. आता हेच उणे ३५ ला इमॅजिन करा, जिथे मावशी पण नाहीत आणि चूल पण नाही.

ॲरोहेड म्हणजे मिनेसोटात इंटरनॅशनल फॉल्सपासून टॉवर गावाजवळपर्यंत १३५ मैल, २१७ किमी, जानेवारीअखेर, ६० तासांत, सायकल, पायी नाहीतर स्कीवर. उणे २९ ची स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, ३००० कॅलरीचं खाणं सोबत लागतंच, आणि गळ्यात शिट्टी, कारण थंडीने तोंड बधिर झालं की मदतीला ओरडताही येत नाही! पाण्याची बाटली उलटी ठेवतात, बर्फ वरून धरतो ना, मग झाकणाकडचं पाणी पातळ राहतं.

म्हणून सवय लावायची ती घाम येणार नाही इतकं हळू जायची. चढ आला की जॅकेटची चेन उघडा, थांबायच्या *आधी* जाड जॅकेट घाला, थंडी वाजल्यावर नाही.

बाकी प्रॅक्टिसला ओळखीतल्या आईस्क्रीमवाल्याची कोल्ड रूम मागा, उणे १८-२० असते. (स्टोव्ह आत पेटवू नका, बंद खोलीत जीव जाईल, तो बाहेरच शिका.) मी ग्लोव्हज घालून ट्यूब बदलायला गेलो, घरी सात मिनिटं लागतात, तिथे चाळीस लागली. मालक मधेमधे दार उघडून बघत होता, जिवंत आहे का म्हणून.