जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी ग्लुकोजची रचना कशी शोधली?

किल्ली होती फिनाइलहायड्राझिन. हे संयुग फिशर यांनीच 1875 मध्ये शोधलं. शर्करांचे चिकट पाक शुद्ध करणं महाकठीण. पण या अभिकारकाबरोबर तापवले की ओसाझोनचे (शर्करा आणि फिनाइलहायड्राझिन यांच्यापासून बनणाऱ्या संयुगाचे) पिवळे, सुईसारखे स्फटिक मिळतात. शर्करेच्या एका रेणूला फिनाइलहायड्राझिनचे तीन रेणू लागतात आणि बदल फक्त पहिल्या दोन कार्बनांवर होतो. ग्लुकोज, मॅनोज, फ्रुक्टोज तिघांचं ओसाझोन एकच! म्हणजे तिसऱ्या कार्बनपासून पुढची मांडणी तिघांत सारखीच. इतका देखणा तर्क रसायनशास्त्रात क्वचितच सापडतो.

अशाच पुराव्यांवरून 1891 मध्ये अणूंच्या मांडणीच्या 16 शक्यतांतून ग्लुकोजची सापेक्ष रचना (म्हणजे कार्बनांवरची मांडणी एकमेकांच्या तुलनेत कशी आहे ते) ठरली. दोन आरसाप्रतिमांपैकी एक मात्र त्यांनी नुसती गृहीत धरली होती. 1951 मध्ये क्ष-किरणांनी तीच खरी ठरवली. फिशर यांचं नोबेल 1902 चं.

प्रात्यक्षिकात ओसाझोन बनवणार असाल तर सोडियम अ‍ॅसिटेट विसरू नका, नाहीतर द्रावण जास्त आम्लधर्मी राहून ओसाझोन नीट बनत नाही. माल्टोज-लॅक्टोजच्या ओसाझोनचे स्फटिक गरम द्रावणात दिसत नाहीत, नळी सावकाश थंड होऊ द्या. रोजच्या वापरातल्या साखरेचं (सुक्रोजचं) ओसाझोन बनतच नाही. आणि हातमोजे घालाच: फिनाइलहायड्राझिन विषारी आहे, खुद्द फिशर यांनाही त्याची बाधा झाली होती.