टॅपेट सेटिंग: स्क्रू की शिम?

प्रश्न : जुन्या गाडीचे टॅपेट गॅरेजवाले तासाभरात जुळवायचे. आता दोन कॅमशाफ्टची सीएनजी गाडी आहे. ‘शिम बदलाव्या लागतील, दिवस जाईल,’ म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : खरं असू शकतं. टॅपेट सेटिंग म्हणजे कॅम (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली बारीक फट, म्हणजे गॅप, जुळवणं. जुन्या रचनेत कॅम रॉकरमार्फत, म्हणजे छोट्या तरफेमार्फत, व्हॉल्व्ह दाबतो. रॉकरच्या टोकाचा स्क्रू फिरवला की गॅप जुळते. अँबॅसेडरच्या जुन्या इंजिनात तर कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, मधे लांब पुशरॉड. तुमच्या गाडीत बहुधा कॅम थेट बकेटवर (व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या टोपीवर) बसतो. तिथे स्क्रूच नाही; गॅप शिमने, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकतीने, जुळवतात. इंजिन थंड असताना, कॅमचं टोक बकेटच्या विरुद्ध दिशेला ठेवून फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) गॅप मोजा. समजा हवी ०.२५ मिमी, मिळाली ०.१५, तर २.७० ची शिम काढून २.६० ची घालायची. शिम बकेटखाली असेल तर कॅमशाफ्ट उतरवावा लागतो, म्हणून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनच्या खुणा आधी जुळवून घ्यायला सांगा. वेळ जातो तो इथे.

सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (तो टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होते. आवाज येत नाही, म्हणून कुणी बघत नाही. व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि जळतो. टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा हा गप्प टॅपेट जास्त घातक. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) टॅपेट असतील तर मात्र सेटिंग नसतंच. नेमकी गॅप मॅन्युअलमध्येच पाहा.