ऊब वाढली म्हणजे टुंड्रा फोफावणारच का?

प्रश्न होता की आर्क्टिकमधली झाडं थंडीमुळे खुरटतात, मग ऊब वाढल्यावर ती जोमाने वाढतील, यात वाईट काय?

थंडी हे अर्धंच कारण आहे. टुंड्राच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या उघड्या माळरानाच्या, मातीत नत्र भरपूर असतं, पण न कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात अडकलेलं. जिवाणू गारठ्यात ते मोकळं करत नाहीत, म्हणून झाडं उपाशी असतात. अलास्कात टूलिक लेकजवळ १९८१ पासून काही वाफ्यांना दरवर्षी चौरस मीटरमागे १० ग्रॅम नत्र आणि ५ ग्रॅम स्फुरद दिलं गेलं. कापूसगवताच्या ठोंबांमध्ये घोट्याएवढा असलेला बुटका बर्च हे झुडूप तिथे सगळ्यांवर मात करून गेला. त्याच्या फांदीवर दोन-तीन पानांचे आखूड फुटवे असतात. खायला मिळालं की तेच लांब फांद्या बनतात. गवताला हे जमत नाही.

ऊब हेच काम सावकाश करते, आणि त्यात बर्फाचा मोठा हात असतो. झुडूप वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतं. तो थर रजईसारखा असतो, त्याखालची माती हिवाळ्यात कमी गारठते, जिवाणू चालू राहतात, वसंतात नत्र मिळतं, झुडूप आणखी वाढतं. त्याच्या सावलीत दगडफुलं मरतात. आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतली ही, आणि रेनडिअरचं हिवाळी खाणं.

ऊब वाढवून बघायच्या प्रयोगांत झाडांभोवती उघड्या छताच्या षटकोनी पेट्या ठेवतात. बर्फाचा असा हात असतो म्हणून त्यांचे आकडे वाचताना जपा. त्या उन्हाळ्यात १ ते ३ अंश ऊब देतात, पण वाराही अडवतात. हिवाळ्यात तशाच ठेवल्या तर आत बर्फ साचतो आणि परिणाम उबेचा की बर्फाचा, ते कळत नाही. पेट्या वर्षभर होत्या की फक्त उन्हाळ्यात, हे आधी बघा.

आता ‘वाईट काय’ ते. टूलिकच्या त्या वाफ्यांमध्ये वीस वर्षांत वरची झाडी वाढली, पण खोल मातीतला कार्बन, जो हवेत गेला की ऊब आणखी वाढवतो, तो इतका गेला की एकूण हिशेबात चौरस मीटरमागे जवळपास २ किलोची तूट आली. हा खताचा परिणाम, नुसत्या उबेचा नव्हे. पण नत्र मोकळं झालं तर काय होऊ शकतं ते यातून दिसतं.

शिवाय ऊब अवेळी आली तर झाडं करपतात. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात काही दिवस उबदार गेले, बर्फ वितळला, पांघरूण गेलेल्या झुडपांवर पुन्हा कडाका आला. पुढच्या उन्हाळ्यात १४०० चौरस किलोमीटरहून जास्त भागात झाडोरा तपकिरी पडलेला दिसला. क्रोबेरी या सदाहरित झुडपाचे कोंब मोठ्या प्रमाणात वाळले होते.