संगणक एवढे वेगवान झाले, तरी टर्ब्युलन्ससाठी अजून 'मॉडेल' का लागतं?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टला पायरीवरून वाहणारी हवा घेतली आहे, आणि सॉफ्टवेअरमधली टर्ब्युलन्सची, म्हणजे प्रवाहातल्या भोवऱ्यांच्या खळबळीची, मॉडेलं बदलली की दर वेळी उत्तर बदलतं. नेव्हियर-स्टोक्स समीकरणं, म्हणजे द्रव-वायूंच्या गतीचे मूळ नियम, एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत, तर ती सरळ का सोडवत नाहीत, आणि या सगळ्यांत खरं उत्तर कुठलं, असं तुम्ही विचारलंय. मी गेली अकरा वर्षं पुण्यात हेच काम करतो. माझी सुरुवातही अशाच एका पायरीपाशी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एम.टेक.ला मला मिळालेली पायरी ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगातली होती. पायरीची उंची १२.७ मिलिमीटर, येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ४४ मीटर. पायरी संपली की हवा लगेच खाली वळत नाही. ती कडेपाशी सुटते, खालच्या कोपऱ्यात उलटा फिरणारा एक लांबट भोवरा तयार होतो, आणि त्याच्यावरून जाऊन प्रवाह पुढे पुन्हा तळाला टेकतो. प्रयोगात तो पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर टेकला, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटरवर. माझं के-एप्सिलॉन मॉडेल (टर्ब्युलन्सचं एक प्रचलित मॉडेल, त्याविषयी पुढे) सांगत होतं ५.२ पट.

मला वाटलं, मेश, म्हणजे हिशोबासाठी जागेचे घराघरांत पाडलेले तुकडे, जाडीभरडी आहे. दुप्पट बारीक केली, मग चौपट. रात्री रन टाकायचा आणि सकाळी आल्या आल्या आकडा बघायचा, असं तीन आठवडे चाललं. आकडा ५.२ वरून हलेना. उलट मेश जितकी बारीक, तितका तो घट्ट होत गेला. शेवटी सरांना दाखवलं. त्यांनी आलेख बघितला आणि विचारलं, "तू सोडवतोयस ती समीकरणं कुठली?" मी म्हटलं, नेव्हियर-स्टोक्स. ते म्हणाले, "नाही. पुन्हा बघ."

मेश बारीक करत नेली की उत्तर मॉडेलच्या समीकरणांच्या अचूक उत्तराजवळ जातं. हवेच्या जवळ जाईलच असं नाही. या दोन वेगळ्या चुका आहेत: एक गणनेची आणि एक मॉडेलची. पहिली कमी करायला संगणक लागतो. दुसरी संगणकाने तसूभरही कमी होत नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मुळात एवढंच आहे. बाकीचं हे असं का होतं त्याविषयी.

आधी 'सरळ का सोडवत नाहीत' हे बघू. प्रक्षुब्ध, म्हणजे टर्ब्युलंट, प्रवाहात मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरे निघतात, त्यातून आणखी लहान, आणि ऊर्जा अशी पायरीपायरीने खाली उतरत जाते. शेवटी भोवरे इतके बारीक होतात की द्रवाची किंवा हवेची चिकट ओढ, म्हणजे व्हिस्कॉसिटी, त्यांना जिरवून टाकते आणि ऊर्जेची उष्णता होते. रिचर्डसनने १९२२ मध्ये ही उतरंड मांडली आणि कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये तिला आकडे दिले. त्यातून निघणारा हिशोब असा: सगळ्यात मोठा भोवरा आणि सगळ्यात लहान भोवरा यांच्या आकाराचं गुणोत्तर रेनॉल्ड्स क्रमांकाच्या (वेग आणि आकार व्हिस्कॉसिटीच्या मानाने किती मोठे हे सांगणारा आकडा) ३/४ घाताने वाढतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही धरल्या की मेशचे बिंदू ९/४ घाताने वाढतात. भोवरे बारीक झाले की वेळेची पावलंही बारीक टाकावी लागतात, म्हणून एकूण खर्च जवळजवळ घनाने वाढतो. रेनॉल्ड्स क्रमांक दहापट झाला तर खर्च हजारपट.

हे प्रत्यक्ष आकड्यात बघा. चार मीटर लांबीची गाडी ताशी १०० किलोमीटरने जाते आहे. हवेची व्हिस्कॉसिटी धरली की रेनॉल्ड्स क्रमांक येतो सुमारे ७४ लाख. मोठा भोवरा गाडीएवढा मानून कच्चा हिशोब केला तर बिंदू लागतात २८ कोटी गुणिले १ कोटी. दर बिंदूला वेगाचे तीन घटक आणि एक दाब, असे चारच आकडे ठेवले तरी फक्त साठवायला ९० पेटाबाइट जागा हवी. आणि ही एका क्षणाची स्थिती झाली. असे लाखो क्षण पुढे जायचंय.

प्रत्यक्षात कुठवर पोचलोय? किम, मोईन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये दोन समांतर भिंतींमधला प्रवाह कुठलंही मॉडेल न वापरता थेट सोडवला, सुमारे ४० लाख बिंदूंवर. ली आणि मोझर यांनी २०१५ मध्ये तोच प्रवाह सोडवला तेव्हा बिंदू होते सुमारे १२,००० कोटी, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेचा 'मीरा' हा महासंगणक लागला. अठ्ठावीस वर्षांत बिंदू ३०,००० पट वाढले. भिंतीजवळच्या घर्षणवेगावरून काढलेला रेनॉल्ड्स क्रमांक मात्र १८० वरून ५,२०० वर गेला, म्हणजे २९ पट. आणि हा प्रवाह म्हणजे दोन सपाट भिंती. ना पायरी, ना आरसा, ना चाक. स्पालार्ट यांनी २००० साली अंदाज मांडला होता की अख्खं विमान किंवा गाडी अशी थेट सोडवायला २०८० उजाडेल. मला तो अंदाज आजही अवाजवी वाटत नाही.

तरी या थेट सिम्युलेशनना मी फार मानतो. प्रयोगात भिंतीपासून केसाएवढ्या अंतरावरचा दाब मोजायला उपकरण घालता येत नाही. इथे तो मिळतो, प्रत्येक क्षणाचा. मॉडेल कुठे चुकतं हे शोधायला यासारखी दुसरी जागा नाही.

आता मॉडेलकडे. इंजिनिअरला बहुतेक वेळा प्रत्येक भोवरा नको असतो, सरासरी हवी असते. १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून ती कधी विस्कटते हे रेनॉल्ड्सने दाखवलं, आणि १८९५ मध्ये त्यानेच समीकरणांची सरासरी काढायची युक्ती मांडली. कल्पना साधी आहे, अडचण एका पदात आहे. एका ठिकाणी वेग आधी २, मग ८ असा बदलतोय असं धरा. सरासरी ५, तिचा वर्ग २५. पण वर्गांची सरासरी काढा: ४ आणि ६४, म्हणजे ३४. मधला ९ चा फरक सरासरीला दिसतच नाही. नेव्हियर-स्टोक्समध्ये वेग वेगाने गुणला जातो, त्यामुळे सरासरी काढली की हा '९' उरतो. तीन दिशा असल्याने असे सहा आकडे उरतात. त्यांना रेनॉल्ड्स स्ट्रेस म्हणतात. समीकरणं तेवढीच, अज्ञात मात्र सहा वाढली. त्या सहांसाठी नवी समीकरणं लिहायला गेलात तर तीन-तीन वेगांचे गुणाकार उगवतात, त्यांची समीकरणं लिहिली तर चार-चारांचे. ही साखळी आपण होऊन कधी बंद होत नाही. ती कुठेतरी तोडून तिथे आपल्या समजुतीने काहीतरी बसवावं लागतं, आणि ते जे बसवतो त्याला आपण मॉडेल म्हणतो. सरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मी सोडवत होतो ती ही तोडलेली साखळी होती.

के-एप्सिलॉनमध्ये काय बसवलंय बघा. बुसिनेस्कची १८७७ ची कल्पना अशी की भोवऱ्यांमुळे होणारी सरमिसळ म्हणजे जणू वाढीव व्हिस्कॉसिटीच. ती किती वाढीव, हे दोन राशींवरून काढायचं: के म्हणजे भोवऱ्यांची गतिज ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती जिरण्याचा वेग. मध्ये एक स्थिरांक येतो, ०.०९. तुमच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत तो आधीच भरलेला असतो आणि कुणी त्याला हात लावत नाही. हा ०.०९ आला कुठून? साध्या सपाट पृष्ठावरच्या सीमास्तरात, म्हणजे पृष्ठालगतच्या मंदावलेल्या थरात, मोजमापं केली, तेव्हा भोवऱ्यांमुळे येणारा कातर-ताण आणि के यांचं गुणोत्तर बरंचसं ०.३ च्या आसपास आढळलं. ०.३ चा वर्ग ०.०९. हे गुणोत्तर टिकतं ते जिथे ऊर्जा तयार होण्याचा आणि जिरण्याचा वेग जवळपास सारखा असतो तिथे.

पायरीच्या मागे तसं नसतं. सुटलेल्या प्रवाहाच्या पट्ट्यात ऊर्जा जिरते त्यापेक्षा जास्त वेगाने तयार होते. मॉडेल तिथेही सपाट पृष्ठाचाच नियम लावतं, त्यामुळे व्हिस्कॉसिटी अवाजवी येते, सरमिसळ जास्त होते, आणि प्रवाह लवकर खाली ओढला जातो. माझे ५.२ असे आले होते. मेन्टर यांनी १९९४ मध्ये दिलेल्या एसएसटी मॉडेलमध्ये याच गुणोत्तराला ०.३१ ची कमाल मर्यादा घातली आहे: ताण के च्या त्या पटीच्या वर जाऊच द्यायचा नाही. मी तेच लावलं, बाकी मेश तीच ठेवली, आणि प्रवाह ६.४ वर टेकला. एकाच मोजमापातला ०.३, एका मॉडेलने नियम म्हणून वापरला, दुसऱ्याने कुंपण म्हणून. हे उमगलं तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे.

म्हणून 'सगळ्यात चांगलं मॉडेल कुठलं' असं विचारू नका. मॉडेलचे आकडे कुठल्या प्रवाहात जुळवले होते आणि आपला प्रवाह त्याच्यापासून किती दूर आहे, हे विचारा. एसएसटीसुद्धा सगळीकडे जिंकत नाही.

मधला रस्ता म्हणजे एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन): मोठे भोवरे थेट सोडवायचे, मेशमधून निसटणाऱ्या बारीक भोवऱ्यांसाठी फक्त मॉडेल. याचं मूळ हवामानशास्त्रात आहे. स्मॅगोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये वातावरणाच्या गणितासाठी ते मांडलं, आणि डिअरडॉर्फ यांनी १९७० मध्ये भिंतींमधल्या प्रवाहाला लावलं. बारीक भोवऱ्यांच्या मॉडेलची गरज हवामानात आजही तेवढीच आहे. आमच्या पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेल्या आणि २०२५ साली सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टम'ची मेश ६ किलोमीटरची आहे. जगाच्या मापाने ती फार बारीक, पण वातावरणातले सगळ्यात लहान भोवरे मिलिमीटरच्या घरातले असतात. एखादा पावसाळी ढगही त्या ६ किलोमीटरच्या एका घरात मावू शकतो. तो मेशला दिसत नाही, त्याचा परिणाम मॉडेलनेच घालावा लागतो.

एलईएसची खरी अडचण भिंतीपाशी आहे, कारण तिथे 'मोठे' भोवरेही बारीकच असतात. माझ्याच पायरीच्या आधीच्या सपाट भागात वाय-प्लस, म्हणजे भिंतीजवळच्या भोवऱ्यांच्या मापात मोजलेलं भिंतीपासूनचं अंतर, १ ठेवायचा तर मेशचं पहिलं घर साधारण ९ मायक्रॉन उंचीचं लागतं. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एसएसटीला हे घर फक्त उंचीत बारीक लागतं, लांबी-रुंदीत ऐसपैस चालतं. एलईएसला तिन्ही दिशांनी बारीक लागतं, आणि संगणक तिथेच दमतो. म्हणून भिंतीजवळ सरासरीचं मॉडेल आणि दूर एलईएस अशी जोडणी १९९७ पासून चालत आली आहे, डीईएस (डिटॅच्ड एडी सिम्युलेशन) या नावाने. विमानं आणि गाड्यांच्या कामात मला ती आज सगळ्यात व्यवहार्य वाटते.

आणखी एक सांगतो, कारण आपल्याकडे ते फारसं शिकवत नाहीत. सतीश धवन यांना आपण इस्रोमुळे ओळखतो. पण त्याआधी कॅलटेकमध्ये त्यांनी पृष्ठाचा छोटा तुकडा मोकळा ठेवून त्यावरचं हवेचं घर्षण थेट मोजलं होतं. पुढे १९५८ मध्ये बंगळुरूहून त्यांनी आणि रोद्दम नरसिंह यांनी एक शोधनिबंध लिहिला. स्तरीय, म्हणजे शांत थरांनी वाहणारा, प्रवाह प्रक्षुब्ध होताना मधल्या पट्ट्यात एका जागी प्रवाह कधी शांत, कधी खवळलेला असतो. वेळेचा किती हिस्सा खवळलेला, या राशीवर त्यांनी त्या पट्ट्याचं वर्णन बसवलं. आज ट्रान्झिशन मॉडेल निवडलंत की सॉफ्टवेअरमध्ये 'गॅमा' नावाची जी राशी दिसते ती हीच, इंटरमिटन्सी. तिच्यावरून आपण रोज क्लिक करत पुढे जातो.

मशीन लर्निंगबद्दलही तुम्ही विचारलंय. थेट सिम्युलेशनच्या डेटावरून मॉडेल सुधारायचं काम जोरात चालू आहे, आणि ते करण्यासारखं आहे. पण शिकवलेल्या प्रवाहाबाहेर गेलं की तेही डगमगतं. ०.०९ चीच गोष्ट, फक्त एका आकड्याऐवजी लाखो आकडे.

आता तुमचा प्रोजेक्ट. नासाच्या टर्ब्युलन्स मॉडेलिंग रिसोर्सवर याच पायरीची मोजमापं आणि तयार मेशही आहेत. आधी एकच मॉडेल घेऊन तीन मेशवर चालवा आणि टेकण्याचं अंतर स्थिर झालं हे दाखवा. मगच मॉडेल बदला, मेश तीच ठेवून. अहवालात दोन्ही चुका वेगवेगळ्या मांडा. आणि इनलेटला, म्हणजे हवा आत येते त्या कडेला, सरसकट एकसारखा वेग देऊ नका. प्रयोगात पायरीपाशी येणारा सीमास्तर १.९ सेंटिमीटर जाड होता, पायरीच्या दीडपट. तो तयार व्हायला पायरीआधी पुरेसा लांब मार्ग ठेवा, आणि पायरीच्या जरा आधी एक उभी रेघ टाकून वेगाचा आलेख प्रयोगाशी जुळतो का ते पाहून घ्या. तो जुळल्याशिवाय पुढचा कुठलाच आकडा मॉडेलच्या माथी मारता येणार नाही.